तराजूची जागा

रविवारी सकाळी सात वाजता
वेंगुर्ल्याच्या मच्छीमार्केटमागे आम्ही नऊजण.
दोघं पुण्याचे, टोप्या घालून आलेले,
आणि कॉलेजच्या प्रकल्पासाठी फोटो हवे असलेली एक मुलगी.
शेवंतीबाई मोचेमाडकर छत्री टेकत आल्या.
आभाळ कोरडं होतं. छत्री दाखवायला होती.

"हयसून सुरू करूया,"
म्हणत त्यांनी छत्रीचं टोक गटाराच्या लादीवर ठेवलं.
"पयली सभा हयसर. तेवा गटार नाय होता.
वास मात्र होतो."

फलक कुठेच नाही.
बाई थांबतील तिथे थांबायचं.

मोबाइलच्या दुकानाशी थांबल्या.
इथे इनास शिंप्याचं मशीन होतं.
संपाची वही त्याने पाद्रीसायबांच्या झग्याच्या अस्तरात शिवली
आणि एकोणीस दिवस झगा दिलाच नाही.
"पाद्री रोज इचारी, इनास, झगो खय?
हो म्हणी, काजां करूची ऱ्हवलीत, सायबा."
आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत,
त्यांनी हे बरेचदा सांगितलं असणार.

वहीत एकशे बारा अंगठे.
एकाही अंगठ्यात रेघ नाही.
काजूच्या टरफलाचं तेल आधी कातडी खातं, मग नशिबाच्या रेषा,
उरतो तो शाईचा गोल, विझलेल्या निखाऱ्यासारखा.
फौजदार म्हणाला, हा सगळा एकाच बाईचा अंगठा,
बसून एकशे बारा वेळा टेकवलेला.

मग त्या सगळ्या
मामलेदार कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या,
हात उताणे, मांडीवर, बोलणं नाही.
दुपारपर्यंत.
पट्टेवाल्याने पाणी आणलं
आणि ते कुणाच्या ओंजळीत ओतावं हे त्याला कळेना.

पुण्याच्या माणसाने विचारलं, मागण्या काय होत्या?
राख आणि एरंडेल कारखान्याने द्यावं.
तान्ह्याला पाजायला दहा मिनिटं.
आणि तराजू डोळ्यांसमोर टांगावा,
अर्ध्या दरवाजाच्या पलीकडे नको.

कारखान्याच्या जागी आता मंगल कार्यालय आहे.
कालच्या लग्नाची फुलं अजून कमानीला.
बाई थेट आत शिरल्या,
जिथे वधूवरांची खुर्ची मांडतात तिथे उभ्या राहिल्या,
छत्री वर केली: "तराजू हयसर."

"आणि तोलार कोण होता?"
पुण्याचा माणूस पुन्हा.

सकाळी त्यांच्या कागदावर
मी नाव लिहिलं होतं, आडनावासकट.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.
छत्रीच्या काडीला लागलेला गंज नखाने काढत म्हणाल्या,
"होतो एक. पोटासाठी.
तेचा नाव वहीत नाय. वही आमची."

फेरी रेशन दुकानाशी संपली.
बाईंनी मशीनवर अंगठा ठेवला.
मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
त्यांनी पुन्हा ठेवला.
दुकानदाराने वर न बघता त्यांच्या नातवाला फोन लावला,
दर महिन्यासारखा.

आमच्या घरी दोन किलोचं एक वजन आहे,
लोणच्याच्या बरणीतल्या दगडावर ठेवायचं.
लहानपणी मी ते उलटं करून पाहिलं होतं.
बुडाला खळगा, खळग्यात शिसं,
कुणीतरी कानशीने घासून सपाट केलेलं.
आजोबांना विचारलं तर म्हणाले, ठेव ते जाग्यावर.
देवभोळा माणूस. कुणाचं कधी वाईट बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी मी परत गेलो.
कापडी पिशवीत वजन, बंद खांद्यात रुतलेला.
बाईंनी पिशवी हातात घेतली,
रेघा नसलेल्या तळव्यावर जोखली,
एकदा, आणि पुन्हा एकदा, डोळे मिटून.

"कितक्यान जास्त?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.
इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी
ते मोजलंच नव्हतं.